शिराळ्याला बांधलेली चिंधी

बोळिंज, विरार (पश्चिम)
९ जून २०२५

प्रिय वहिनी,

मनूचा नमस्कार. पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, कुणाचं काही झालेलं नाही. हल्ली घरी पत्र आलं की माणसं आधी बँकेचं समजतात, मग कोर्टाचं, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकलं.

फोन का केला नाही, असं म्हणशील. केला होता, दोनदा. दोन्ही वेळा दादाने उचलला आणि "ती गोठ्यात आहे" म्हणाला. आपली शेवटची म्हैस विकून पाच वर्षं झाली, त्यामुळे मी काय ते समजले. असो. पत्राला गोठ्यात जाता येत नाही, ते तुझ्या हातातच येईल.

दादाचा गुडघा कसा आहे? तो वाडीत अजून उकिडवाच बसतो का? डॉक्टर सांगून दमले असतील. या माणसाला काही सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे तुला मी काय सांगायचं!

आता माझं ऐक. वाचनालयात मला यंदा अठ्ठावीस वर्षं पूर्ण होतील. पण तीन वर्षांपूर्वी तू शेवटची आली होतीस तेव्हाचं वाचनालय आता राहिलं नाही. सकाळी पाच आजोबा पेपर वाचायला येतात, संध्याकाळी परीक्षावाली मुलं अभ्यासिकेत येतात, आणि मधल्या वेळात मी, फेलिशिया आणि पंखा. फेलिशिया म्हणजे माझी सहकारी, सांडोरची. तू यायचीस तेव्हा नेमकी ती रजेवर असायची, म्हणून तू तिला पाहिलेलं नाहीस, पण मी सांगितलेली आठवत असेल. पुस्तकं देण्या-घेण्याचं टेबल तिच्याकडे आहे. तोंडाने फटकळ, पण पोटातली गोष्ट ओठावर येऊ देईल तर शपथ.

तर यंदा आमचे अध्यक्ष युजीन सर म्हणाले, लोक वाचनालयात येत नाहीत तर वाचनालयाने लोकांत जावं. म्हणून दर शनिवारी आम्ही रिक्षात पुस्तकं भरून आचोळ्याला जातो. सोसायटीच्या आवारात सतरंजी टाकून गोष्टी वाचतो. पहिल्या शनिवारी दोन मुलं आणि एक वॉचमन होता. आता चाळीसेक जण येतात, आणि तोच वॉचमन आमच्यासाठी जागा धरून ठेवतो.

पण खरी गंमत पुढेच आहे. कार्डांचं ते जुनं लाकडी कपाट आठवतं का, छोट्या छोट्या खणांचं? कॉम्प्युटर आल्यापासून ते रिकामं पडलं होतं. फेलिशिया म्हणाली, "यात बी ठेवू या की. पुस्तक नेतात तसं लोक बी नेतील. पेरतील, पीक आलं की बी परत करतील." युजीन सर शिस्तीचे, आधी डोळे मिटून बसले. मग म्हणाले, "प्रत्येक पुडीला दाखल क्रमांक पाहिजे." म्हणजे मंजूर!

सांडोरच्या बायकांनी वाल दिले, पडवळ दिलं, भेंडी, लाल माठ. शिराळ्याचं बीसुद्धा आलं एका ठिकाणाहून. चांगलं काळंभोर, राखेत ठेवलेलं. त्याच्या सहा-सहा बियांच्या नऊ पुड्या झाल्या, परवाच्या शनिवारी नऊही गेल्या.

वहिनी, शिराळ्याचं बी किती खोल लावायचं ग? मी लोकांना बोटाचं एक पेर सांगितलं. तू पूर्वी कसं लावायचीस ते डोळ्यांसमोर आहे, पण खोली आठवत नाही. कळव. दोन ओळी लिहिल्यास तरी पुरे.

आणि हो, माझ्या नावावर नेलेलं भुताच्या गोष्टींचं एक पुस्तक तीन वर्षं तुझ्याकडे आहे. फेलिशिया दर महिन्याला उशिराच्या यादीत ते काढते आणि मी तिला गप्प करते. वाचून झालं असेल तर बरं, नसेल तर अजून ठेव. तू बोट ठेवून एकेक ओळ वाचतेस, तेव्हा तीन वर्षांत भूत अर्ध्यावर आलं असेल.

दादाला नमस्कार.

तुझी,
मनू

---

बोळिंज
२५ जून २०२५

प्रिय वहिनी,

मनूचा नमस्कार. तुझं उत्तर आलं नाही. पोस्टाचा दोष असेल असं धरून चालते.

आज एवढ्यासाठीच लिहिते आहे की काही हसू एकट्याने हसवत नाही. परवा आमच्याकडे जे झालं ते ऐकून तूही हसशील, कितीही रागावलेली असलीस तरी.

फेलिशियाला सवय पुस्तकांची. पुस्तक गेलं की मागे तारखेची चिठ्ठी चिकटवायची आणि पंधरा दिवसांनंतरचा शिक्का मारायचा. सात जूनला बी वाटायला गर्दी झाली तेव्हा बाईंनी प्रत्येक पुडीवर चिठ्ठी चिकटवली आणि मारला शिक्का, २२ जून! मी शेजारी उभी राहून नावं लिहीत होते. शेतकऱ्याची मुलगी मी, पण मलाही काही खटकलं नाही.

बावीस तारखेला रविवार, आमची सकाळची पाळी. दहा वाजता दार उघडते तर पायरीवर रांग! कुणाच्या हातात दह्याचा डबा, कुणाकडे नारळाची करवंटी, कुणाकडे चहाचा फुटका मग, आणि प्रत्येकात इवलंसं रोप. आचोळ्याचा मितेश, त्याचं मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे, तो तर स्कूटरवर मांडीत बादली धरून आला होता. सगळ्यांत पुढे आमच्या बोळिंजचीच स्वप्ना, बँकेत असते. ती काकुळतीला आली होती. "मॅडम, प्लीज रिन्यू करून द्या ना. खरंच रोज पाणी घातलं, पण अजून दोनच पानं आलीत. टाइमवर परत नाही केलं तर मेंबरशिप जाईल का?"

फेलिशियाने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. हसायचं नाही असं आम्ही ठरवलं आणि तेवढ्यात आतून युजीन सर आले, रांगेकडे बघून गंभीरपणे म्हणाले, "सगळ्यांची नूतनीकरणं करा. दिवाळीपर्यंत." मग मात्र फेलिशिया टेबलाखाली काहीतरी पडलं म्हणून वाकली ती पाच मिनिटं वर आलीच नाही.

पण वहिनी, एक सांगू? त्या रांगेतल्या अर्ध्या माणसांना मी यापूर्वी वाचनालयात कधी पाहिलं नव्हतं. रोपं दाखवायला आली आणि जाताना पुस्तकं घेऊन गेली. मितेशने आयुष्यात पहिल्यांदा मराठी पुस्तक घरी नेलं, कोंबड्या पाळण्याविषयीचं. त्याच्याकडे कोंबड्या नाहीत. विचारलं तर म्हणाला, "पता नहीं मॅडम, फोटो छान आहेत."

चौपन्न बियांपैकी सव्वीस रुजल्या. आईचं बी तीन वर्षांनंतरही—

बघ, लिहून गेले. खोडून टाकावं असं वाटलं, पण शाईने खोडलेलं जास्त दिसतं. आता असू दे. याविषयी नंतर लिहीन, आज नाही. आज हसण्याचा दिवस आहे.

दादाला म्हणावं, गुडघ्याला एरंडाचं पान शेकून बांध. आणि वहिनी, तू जेवतेस ना वेळेवर? तुझी जुनी खोड आहे, सगळ्यांना वाढून झाल्यावर भूक मेली म्हणायची.

तुझी,
मनू

---

बोळिंज
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय वहिनी,

नमस्कार करायलाही आज हात धजत नाही, तरी करते.

हे पत्र एका बैठकीत वाच. बोट ठेवून वाच, पण मधेच उठू नकोस.

काल वाचनालयात शिराळ्याचं जेवण होतं. मीच काढलेली टूम. ज्यांनी ज्यांनी बी नेलं त्यांनी आपापल्या वेलाच्या शिराळ्यांचं काहीतरी करून आणायचं आणि सगळ्यांनी मिळून खायचं. काय एकेक पदार्थ होते! स्वप्नाने चण्याची डाळ घालून भाजी आणली होती. तिच्या सासूबाईंनी सालांची चटणी केली होती, तीळ घालून. मितेशच्या बायकोने भजी केली आणि ती आत येईपर्यंत दारातच संपली. पेपर वाचणारे पाचही आजोबा पंगतीला हजर. युजीन सरांनी तीन वेळा भात घेतला. अभ्यासिकेतल्या मुलांनी ताटं उचलली. मला वाटलं, आई असती तर म्हणाली असती, आपल्या वाडीचं शिराळं बघ कुठे कुठे पोचलं.

जेवण झाल्यावर फेलिशियाने वही उघडली. "चला, आता दिवाळीपर्यंत बी परत करायचं आहे. कुणी किती शिराळी बियाला ठेवली आहेत?"



स्वप्ना म्हणाली, "बियाला म्हणजे? बी तर भाजीत असतं ना? आम्ही कोवळी असतानाच काढली. एकसुद्धा वाया जाऊ दिलं नाही, मॅडम!" मोठ्या अभिमानाने सांगत होती बिचारी. सगळ्यांचं तेच. फ्लॅटमधली माणसं, भाजी म्हणजे कोवळी असतानाच आणायची, जून झाली तर भाजीवालीशी भांडायचं, एवढंच त्यांना ठाऊक. वेलावर एखादं शिराळं मुद्दाम सोडायचं, पिवळं पडू द्यायचं, वाळून आतलं बी खुळखुळेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, हे त्यांना कुणी सांगायचं? मी. आणि मी सांगितलं नाही, कारण मला ते कधी सांगावं लागलं नव्हतं. आपल्या घरी ते काम तुझं होतं. मांडवाखाली फिरून तू पहिल्या बहरातलं सगळ्यात सरळ शिराळं निवडायचीस आणि त्याच्या देठाला जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधायचीस. चिंधी दिसली की दादासुद्धा हात मागे घ्यायचा.

वहिनी, ते बी आईचं होतं. तुझ्या त्या मडक्यातलं. आईने राखेत घालून ठेवलेलं, तेरा दिवसांच्या गडबडीत हरवलेलं. ते हरवलं नव्हतं. मी नेलं होतं.

लिहिलं एकदाचं. 

आई गेल्यानंतर बाराव्याच्या दिवशी दुपारी सगळे निजलेले असताना मी माळ्यावर चढले. मला आईचं काहीतरी हवं होतं. लुगडी वाटली गेली होती, बांगड्या सुनांना-नातींना गेल्या. मडक्याच्या तोंडाला बांधलेल्या फडक्याची गाठ आईच्या हातची होती. ती गाठ बघितली आणि मडकं उचलून साड्यांत गुंडाळून पिशवीत ठेवलं. आपल्या घरात बियांचं मडकं सासूकडून सुनेकडे जातं, मुलीकडे नाही, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणूनच मागितलं नाही. मागितलं असतं तर तू "घे" म्हणाली असतीस, हेही माहीत होतं. ते मला नको होतं, मला ते माझं म्हणून हवं होतं. इतकी साधी आणि इतकी वाईट गोष्ट आहे.

तेराव्याला दादाने मडकं शोधलं. आदल्याच दिवशी सकाळी तू माळा झाडला होतास. सगळ्या पाहुण्यांसमोर तो तुला म्हणाला, "आईचं एवढंसं मडकं तुला सांभाळता आलं नाही?" मी तिथेच बसले होते, पिशवी माझ्या पायाशी होती. तू म्हणालीस, "आसंल. गेला आसंल माज्याच हातून."

आणि मी चहा प्याले.

त्यानंतर मी आले नाही, यंदाच्या जूनपर्यंत फोन केला नाही, पुस्तकं आणून दिली नाहीत. तुला वाटलं असेल मनूही रागावली. चोराला राग कसला येतो? तुझ्या तोंडाकडे बघायची हिंमत नव्हती, एवढंच. मडकं कपाटात ठेवलं होतं. फ्लॅटमध्ये माती कुठली? दर पावसाळ्यात वाटायचं, बी मरतंय. यंदा कार्डांच्या कपाटात बी ठेवायचं ठरलं तेव्हा मनात आलं, निदान लोकांच्या हातून तरी जगेल, आणि मग मी मडकं भरून तुला परत आणून देईन, वर सांगेन की कुठेतरी सापडलं. बघ, खोटं बोलायचीसुद्धा तयारी झाली होती. त्या लोभात चौपन्नच्या चौपन्न बिया वाटून टाकल्या. एकही मागे ठेवली नाही. आता मडक्यात नुसती राख आहे.

मी दहा वर्षांची असताना काय झालं होतं, आठवतं का? तुला घरात येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. मी भातुकलीसाठी चिंधी बांधलेलं शिराळं तोडलं. आई काठी घेऊन मांडवात आली आणि तू पुढे होऊन तिला म्हणालीस, "मीच तोडला, आत्या. चिंधी दिसली नाय." महिनाभर आई तुला बोलत होती. तू मला एकदाही त्याची आठवण करून दिली नाहीस. तेव्हा तू माझ्यासाठी खोटं बोललीस आणि पन्नाशी उलटल्यावर मी तुझ्यासाठी खरं बोलू शकले नाही.

दादाला याच डाकेने वेगळं पत्र पाठवलं आहे. त्यात हे सगळं आहे, माळ्यापासून चहापर्यंत. हे तू त्याला सांगायचं नाहीस, तुझ्यावर तेवढंही ओझं नको. पाहुण्यांपैकी जे जे त्या दिवशी होते त्यांनाही मी एकेक करून सांगणार आहे. तीन आत्यांना आज सकाळीच फोन केले. धाकटी आत्या म्हणाली, "मला तेव्हाच वाटलं होतं, तुझी पिशवी जड होती." म्हातारी भारी आहे!

तू क्षमा करावीस असं लिहिणार होते, पण मागून घेतलेल्या क्षमेचं मी काय करणार? मडक्यासारखंच होईल ते. तुला जे वाटेल ते तू कर.

तुझी,
मनू

---

बोळिंज
२३ नोव्हेंबर २०२५

प्रिय वहिनी,

मनूचा नमस्कार, आणि आज मोठ्याने!

दोन महिने लिहिलं नाही, त्याचं कारण फेलिशिया. तिने मला बजावलं होतं, "आता पत्र लिहू नको. आधी बी येऊ दे." बी आलं. म्हणून लिहिते.

बावीस सप्टेंबरला तू वाचनालयात येऊन गेलीस, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. सोमवारी माझी सुट्टी असते हे तुला कुणी सांगितलं ग? दारातून तू पहिला प्रश्न विचारलास, "मनू नाय ना आज?" नाही म्हटल्यावर चप्पल काढून आत आलीस. फेलिशिया ही गोष्ट सांगताना माझ्या तोंडाकडे बघून हसत होती. मीही हसले, मग आत जाऊन पुस्तकांच्या मांडण्यांमागे थोडी रडले.

तू भुताचं पुस्तक टेबलावर ठेवलंस म्हणे आणि म्हणालीस, "शेवट काय बरा नाय. भूत उगाच माफी मागतं." हे तू मला उद्देशून म्हणालीस की खरंच भुताला, ते दोन महिने मी विचार करते आहे.

मग फेलिशियाने तुला आमची रिकामी वही दाखवली, सगळी शिराळी खाऊन संपल्याचं सांगितलं. तू विचारलंस, "वेल उपटले काय?" तीन अजून उभे होते. स्वप्नाच्या गॅलरीतला, मितेशच्या गच्चीवरचा आणि फेलिशियाच्या सांडोरच्या वाडीतला. "वेल हिरवा हाय ना अजून? मंग रडता कशाला?" असं म्हणून तू तिला रिक्षा बोलवायला लावलीस. सहासष्टाव्या वर्षी बोळिंज, आचोळे, सांडोर, एका दिवसात!

स्वप्नाने मला नंतर सगळं सांगितलं. चौथ्या मजल्यावर लिफ्टमधून जाताना तू डोळे मिटून घेतले होतेस. पण गॅलरीत गेल्यावर वेलाची पानं अशी उलटीपालटी केलीस की तिच्या सासूबाई घाबरल्या. ए.सी.च्या खोक्यामागे बोटभर एक शिराळं होतं, ते घरातल्या कुणालाच दिसलं नव्हतं. तू पिशवीतून लाल चिंध्या काढल्यास. घरूनच फाडून आणल्या होत्यास, म्हणजे तू पुस्तक परत करायला आली नव्हतीस तर! देठाला चिंधी बांधलीस आणि सगळ्या घराला दम भरलास, "ह्या बियाचा हाय. ह्याला कोनी हात लावायचा नाय. पानी बेतानं. पिवला पडला तरी घाबरायचा नाय."

स्वप्नाने फ्रिजवर तेच वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून लावलं आहे, जसंच्या तसं. तिचा नवरा दिवाळीच्या सफाईत चिंधी काढायला गेला तर सासूबाईंनी त्याच्या हातावर चापटी मारली. मितेशने गच्चीवर तर चक्क सीसीटीव्ही लावला. एका शिराळ्यासाठी! आणि त्यात दिसलं काय, तर त्याचाच बाप रोज सकाळी जाऊन ते हलवून बघतो, खुळखुळतं का.

सहा चिंध्या तू बांधल्यास, त्यांतली पाच शिराळी टिकली. सहावं सांडोरला उंदराने खाल्लं. फेलिशियाने त्या उंदराला जे काही म्हटलं ते तिला पुढच्या कबुलीला फादरना सांगावं लागेल.

गेल्या रविवारी पाचही शिराळी वाचनालयात आली. स्वप्नाने तर तिचं हातरुमालात गुंडाळून आणलं. वर्तमानपत्र पसरून युजीन सरांनी पहिल्याचं टोपण मोडलं, उलटं केलं आणि काळं बी सरसर खाली पडलं. पेपरवाले आजोबा उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. सरांनी सगळ्या बिया स्वतः मोजल्या, दोनदा. तीनशे बारा. आता प्रत्येक पुडीत एक लाल चिंधीही घालायची असा ठराव झाला आहे, आणि वापरायची रीत तुझ्याच शब्दांत छापायची. युजीन सरांना भाषा सुधारून घ्यायची होती, पण फेलिशिया आणि मी अडून बसलो.

दादाचा फोन आला होता, पत्र मिळाल्यावर लगेच.  म्हणाला, "तीन वर्षं तिला मी टोचत होतो ग, मनू. आता तिला तोंड कसं दाखवू?" मी म्हटलं, "तू तरी एका घरात आहेस, मी कुठून दाखवू?" त्यावर तो हसला. मलाही हसू आलं.  तू फेलिशियाला सांगितलंस म्हणे की दादा हल्ली सकाळी उठून स्वतः चहा करून तुला देतो, पण साखर विसरतो. पिऊन टाक ग. साखर शिकेल हळूहळू.

भाऊबीजेला तो एकटाच आला. तू का आली नाहीस हे विचारायचा मला धीर झाला नाही, त्यानेही सांगितलं नाही. तो गेल्यावर मी ओवाळणीचं ताट उचललं आणि मनाशी धरून चालले की ठीक आहे, बी वाचवलंस ते आईसाठी, माझ्यासाठी नव्हे. तेवढंही पुष्कळ आहे.

काल वर्षाचे सभासदांचे अर्ज फायलीला लावायला बसले होते. नवे एकशे चाळीस झालेत, युजीन सर गल्लीभर सांगत फिरताहेत. सप्टेंबरच्या गठ्ठ्यात एक अर्ज निघाला. मोठी मोठी, रेघ सोडून चाललेली अक्षरं. बायजा. खाली गावाचा पत्ता. फेलिशियाने तुला त्या दिवशी सभासद करून घेतलं आणि मला दोन महिने कळू दिलं नाही! विचारलं तर म्हणते, "अर्ज लावायचं काम तुझं आहे, माझं नाही."

आमच्या अर्जात शेवटी एक रकाना असतो. तुम्हाला ओळखणाऱ्या सभासदाचं नाव आणि त्याचं तुमच्याशी नातं. लोक तिथे शेजारी लिहितात, मित्र लिहितात. निम्मे लोक रिकामा सोडतात.

तू लिहिलं आहेस, "मनू. आमच्या घरची पोर."

तारीख बावीस सप्टेंबर. माझं पत्र तुला मिळून आठवडासुद्धा झाला नसेल. आणि मी दोन महिने त्या फायलीपासून चार पावलांवर बसून झुरत होते, छप्पन्न वर्षांची पोर!

मडकं धुऊन वाळवलं आहे. सांडोरहून शेणीची राख आणली, चाळून घेतली, त्यात साठ बिया घातल्या आहेत. फडकं जुनंच आहे, आईचं, पण त्याला गाठ मी मारलेली नाही. ती तू मार. येत्या रविवारी सकाळी घेऊन येते. भुताचं दुसरं पुस्तकही आणते, याचा शेवट बरा आहे. दादाला सांग, चहा मी करीन. आणि वहिनी, ज्या कुणाला बोलवायचं त्याला बोलव, त्या दिवशी जे पाहुणे होते ते सगळे आले तरी चालतील. मडकं मी त्यांच्यासमोर तुझ्या हातात देणार आहे.

मागच्या दाराने येणार नाही. पुढच्या दाराने येईन, हाक मारत.

तुझ्या घरची पोर,
मनू